सैल जोडवी

"ही जोडवी कधी बदलली?" माधुरीने विचारलं तेव्हा खोलीतल्या बाया हसत होत्या, त्यामुळे तो प्रश्न फारसा कुणाच्या कानावर गेला नाही. जानकीबाईंच्या मात्र गेला. त्या ओट्यापाशी वडे तळत होत्या, पाठ सगळ्यांकडे होती, कढईत तेल चुरचुरत होतं, तरी ते चार शब्द त्यांना इतके स्वच्छ ऐकू आले की हातावर थापलेला वडा तेलात सोडायचं त्या विसरल्या. वळून बघितलं तर निधी, त्यांची सून, हिरव्या साडीत, कपाळावर निशिगंधाची बिंदी, दंडात फुलांचे बाजूबंद अशी शेजारच्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. नुकतीच तिने झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडली होती, आत बर्फी निघाली होती, आणि आता मुलगीच होणार म्हणून बाया तिला चिडवत होत्या. माधुरी या डोहाळजेवणाला पाहुणी म्हणून आली होती, नारळ आणि खण घेऊन, चांगली साडी नेसून; पण ती फरशीवर मांडी घालून बसली होती आणि निधीचा डावा पाय तिने आपल्या मांडीवर घेतला होता. "फॅशन गो, दुसरं काय," जानकीबाई म्हणाल्या. "आताच्या पोरींना तीच तीच आवडत नाहीत." निधीने सासूकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. साठी उलटलेल्या जानकीबाईंनी आयुष्यात लहानमोठं खोटं बरंच पचवलं होतं, पण सुनेच्या देखत, सुनेच्याच पायाबद्दल बोललेलं हे खोटं काही घशाखाली उतरेना.

माधुरी ही टेकडीवरची आरोग्य सेविका. घाटकोपरच्या या टेकडीला खालच्या रस्त्यापासून जानकीबाईंच्या दारापर्यंत एकशे बेचाळीस पायऱ्या, आणि त्या दिवसातून तीनदा चढणारी बाई म्हणून आधी जानकीबाईंना तिच्याबद्दल नुसतं नवल वाटायचं, कौतुक नव्हे. दोन वर्षांपूर्वी निधीचं पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात पडलं, त्यानंतर आठ दिवसांनी ही वही घेऊन दारात उभी राहिली होती. आमच्याकडे कुणी आजारी नाही, असं सांगून जानकीबाईंनी दार लोटून घेतलं होतं. दुसरी कुणी असती तर वहीत फुली मारून पुढे गेली असती. ही पुढच्या आठवड्यात परत आली, तीही नळाला पाणी यायच्या वेळेला, आणि काही न बोलता हंडा भरू लागली. टेकडीवर पाणी दुपारी तीनला येतं आणि खालच्या आरोग्य केंद्रातली गरोदर बायांची तपासणीही दुपारीच असायची. नळ सोडून तपासायला जाईल अशी बाई टेकडीवर जन्माला आली नव्हती, आणि उलट केंद्रातले लोकच म्हणायचे, या बायकांना स्वतःची काळजीच नाही. हे पाण्याचं गणित वरच्या साहेबांच्या डोक्यात घालायला माधुरीला वर्ष लागलं. शेवटी जोखमीच्या बायांचा दिवस सकाळी आला, त्यांना वेगळी रांग मिळाली, आणि टेकडी खाली उतरू लागली. जानकीबाईंनी हे सगळं दारात बसून, तांदूळ निवडता निवडता बघितलं होतं. तोंडाने त्या कधी चांगलं म्हणाल्या नाहीत, पण माधुरी आली की पंखा तिच्याकडे वळवू लागल्या.

तिची एक खोड होती. यंत्र पिशवीत असायचं, दंडाला पट्टा बांधून दाब बघायचं यंत्र. ते ती काढायचीच, पण त्याआधी बाईचा पाय मांडीवर घ्यायची आणि गप्पा मारता मारता तिचं जोडवं बोटाभोवती फिरवायची. काय खाल्लंस, झोप लागते का, नवरा काय म्हणतो, आणि तोवर बोट फिरतच. जानकीबाईंनी एकदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं: सूज कुणालाही येते काकी, सातव्यात तर येतेच, आणि बायका ती सांगतही नाहीत, सुजलेत कुठे, आमचे पाय असेच म्हणतात. जोडवं मात्र खोटं बोलत नाही. काल फिरत होतं आणि आज अडलं की मी सावध होते. तिकडे वाशीमकडे तिच्या आईने एक सुईण पाहिली होती, तिच्यापासून हे आलेलं. केंद्रातल्या डॉक्टर शीतलमॅडमना हे कळलं तेव्हा त्या हसल्या नव्हत्या, उलट यंत्राबरोबर हेही करत जा म्हणाल्या होत्या. जानकीबाईंना तो पाय मांडीवर घेणंच विशेष वाटायचं. परक्या बाईचा पाय, टेकडीच्या धुळीचा, टाचा फुटलेला, आणि ही तो असा घ्यायची की जणू त्यात काहीच नाही. त्यांच्या आयुष्यात त्यांचा पाय असा कुणी हातात घेतला नव्हता.

आणि नेमकी तीच जोडवी जानकीबाईंनी बदलली होती. दहा दिवसांपूर्वी निधी रात्रभर तळमळली आणि सकाळी म्हणाली, आई, बोटं रुततात हो. बघितलं तर जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं. तेल लावून झालं, साबण लावून झाला, दोरा गुंडाळून झाला. जोडवी काढून ठेव एवढं म्हणायचं होतं, आणि तेवढंच जानकीबाईंना म्हणता येईना. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान सहदेव गेले त्या दिवशी दोन बायांनी त्यांच्या पायातली जोडवी ओढून काढली होती. साबणाचा फेस, फरशीचा गारवा, आणि नंतर कितीतरी दिवस चालताना बोटांना वाटणारा तो हलकेपणा. अशी भरल्या घरची सून, पोटुशी, आणि तिची बोटं एक रात्रदेखील उघडी ठेवायची, हे त्यांच्या हातून होणार नव्हतं. त्यांनी निधीला रिक्षाने बाजारात नेलं, सोनाराकडून जुनी कापून घेतली आणि तिथल्या तिथे उघड्या वेढ्यांची, हवी तेवढी सैल करता येणारी नवी घातली. पोरीचा चेहरा मोकळा झाला. येताना दोघींनी उसाचा रस प्यायला. दोन दिवसांनी माधुरी आली, पाय मांडीवर घेतला, जोडवं गरागरा फिरलं. दाबाचा वरचा आकडा थोडा चढलाय, ती म्हणाली, पण सूज दिसत नाही, आठवड्याने बघू. जानकीबाई तेव्हा चहा गाळत होत्या. सांगावंसं वाटलं होतं का? वाटलं असेल. पण मग सुनेला त्रास होता तर केंद्रात का नाही आणलं, असं ती विचारेल, आणि उत्तर काय द्यायचं? चहा गाळून झाला, आणि ते राहून गेलं.

आता माधुरीने जोडवं सोडून निधीच्या नडगीवर अंगठा दाबला होता. तो उचलला तरी खळगा तसाच राहिला. बाया अजून बर्फीवरच होत्या. माधुरीने पिशवीतून यंत्र काढलं तसं निधीची आई, बोरिवलीची विहीणबाई, म्हणाली, अहो आज कशाला, आज सणाचा दिवस. माधुरी नुसती हसली आणि फुलांचा बाजूबंद हळूच वर सरकवून पट्टा बांधला. यंत्र घरघरलं. तिने आकडा बघितला, पट्टा सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला, पुन्हा बघितला. चेहऱ्यावर काही नाही. उठली, ओट्यापाशी आली, गॅस बंद केला, आणि सगळ्यांकडे पाठ करून, हलक्या आवाजात, जणू मीठ किती घातलं असं विचारावं तसं म्हणाली, "काकी, जुनी जोडवी कुठायत? खरं सांगा. एकशे चौसष्टवर गेलाय तिचा."

एकशे चौसष्ट म्हणजे किती हे जानकीबाईंना ठाऊक नव्हतं. पण दोन दिवसांपूर्वी निधी म्हणाली होती, आई, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, भुकेने होतं, चार घास जास्त खा. ते बोलतानाच त्यांच्या आत काहीतरी हललं होतं आणि त्यांनी ते दाबलं होतं. एकोणीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. चेतना, त्यांची लेक, याच खोलीत, याच खिडकीखाली बसून म्हणाली होती, आये, काजवे चमकतत गो. सातव्याची ओटी भरून तिला मुलुंडहून माहेरी आणलं होतं. तिचे कागद सासरीच राहिले होते, कुणाच्या ध्यानातच आलं नाही, बाळंतपणाला अवकाश होता. जानकीबाईंनी लिंबाचं सरबत करून दिलं. ते अर्धं प्यायली आणि तिचे डोळे फिरले. हात वाकडे, दात आवळलेले, तोंडाला फेस. शेजारची म्हणाली बाहेरचं आहे, आणि जानकीबाई नारळ हातात धरून गावदेवाला गाऱ्हाणं घालत बसल्या, बा महाराजा, काय चुकलं माकलं असेल तर पोटात घाल. अर्धा तास. सहदेव ड्युटीवरून आले, तिला पाठीवर घेऊन खाली धावले. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी विचारलं, कुठे नाव घातलंय, दाब किती असायचा, कागद कुठाय. जानकीबाईंना एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. चारच्या सुमाराला सगळं संपलं होतं. ताप डोक्यात गेला, असं त्यांनी गावाला कळवलं, चाळीत सांगितलं, पुढे मुलाच्या, सुशांतच्या लग्नात सुनेलाही तेच सांगितलं, आणि सांगून सांगून तो ताप त्यांना खरोखरच आठवू लागला होता.

"मीच बदलली," त्या म्हणाल्या. "अडली होती. दहा दिस झाले. आणि तिका चमकता डोळ्यांपुढे." एवढं बोलायला त्यांना ओट्याची कड धरावी लागली. आता ही काय बोलेल ते ऐकायची त्यांनी तयारी केली. माधुरीने फक्त त्यांच्या हातातला झारा काढून बाजूला ठेवला. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली, "आता माझ्याबरोबर चला. सुशांतला फोन करा, पवईहून कामावरून थेट केंद्राच्या प्रसूतिगृहात ये म्हणावं."

मग जे झालं ते जानकीबाईंनी पुढे कितीदा तरी मनात उलगडून बघितलं. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या, ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही म्हणाल्या, आणि डॉक्टरच हवा तर आमचा बोरिवलीचा आहे, खाली टॅक्सी उभीच आहे, आम्ही तिला आज न्यायलाच आलोय. त्यांचंही काही चुकत नव्हतं. सातव्यात लेक माहेरी जाते, जगाची रीत आहे. माधुरीने आवाज चढवला नाही. बोरिवलीला दीड तास लागेल ताई, ती म्हणाली, आणि एवढा वेळ आपल्याकडे नाही. विहीणबाईंनी जानकीबाईंकडे बघितलं, सासूने नाही म्हणावं म्हणून. जानकीबाईंनी तबकातले तांदूळ आणि नारळ उचलले आणि विहीणबाईंच्या हातात दिले. मी विधवा, मी भरू नये, तुम्ही भरा, पण उभ्या उभ्या भरा, असं त्या म्हणाल्या. ओटी पाऊण मिनिटात भरून झाली.

खाली न्यायची ती खुर्चीतून. पावसाळ्यात माधुरीने गल्लोगल्ली फिरून जोखमीच्या प्रत्येक घरासाठी चार माणसांची नावं लिहून घेतली होती, वेळ आली तर खुर्ची उचलणारी, आणि एका रिक्षावाल्याचा नंबर. त्या वेळी जानकीबाई खो खो हसल्या होत्या, सुनेची वरात काढतेस काय गो. आता ती चौघं तिने फोन केल्यापासून पाच मिनिटांच्या आत आली. एक दाढी अर्धवट करून आलेला, एक सांडगे-पापडवाली दांडगी बाई. त्याच प्लास्टिकच्या खुर्चीतून निधी एकशे बेचाळीस पायऱ्या उतरली, बाजूबंदातली फुलं वाटेत गळत होती, आणि माधुरी पुढे उलटी चालत, एक डोळा पायरीवर आणि एक निधीच्या चेहऱ्यावर ठेवून, फोनवर बोलत होती. नाव, वय, सात महिने, दाब, डोळ्यांपुढे चमक, आधीचं एक गेलेलं. सगळं तोंडपाठ. जानकीबाई मागून निधीची फाइल छातीशी धरून उतरत होत्या आणि त्यांना त्या भीतीतही वाटून गेलं, की माझ्या चेतनाबद्दल एवढं कुणाला म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हतं, मला पण नाही.

प्रसूतिगृहात इंजेक्शनं आधीच भरून ठेवली होती. झटके येऊ नयेत म्हणून पहिला डोस इथेच द्यायचा आणि मग मोठ्या इस्पितळात पाठवायचं, नुसतं कागदावर लिहून रस्त्यात सोडायचं नाही, ही पद्धत शीतलमॅडमनी दोन वर्षांत बसवली होती. अंगात आग आग होते, निधी म्हणाली, आणि माधुरी म्हणाली, व्हायला हवी, म्हणजे औषध लागू पडतंय. दुसरं एक इंजेक्शन बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलं. तेवढ्यात शीतलमॅडमनी वही उघडली आणि विचारलं, आठ दिवसांपूर्वी सूज नाही असं लिहिलंय, हे कसं? रागावून नव्हे, पण ज्या आवाजात उत्तर द्यावंच लागतं अशा आवाजात. जानकीबाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. "माझ्या बघण्यात चूक झाली मॅडम," माधुरी म्हणाली. "नडगी दाबून बघायला हवी होती. जोडव्यावर विसंबले." तिने जानकीबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. आणि जानकीबाई गप्प राहिल्या. गाडी आली म्हणून गप्प राहिल्या, सुशांत धापा टाकत आला म्हणून गप्प राहिल्या, नंतर गप्प राहायला कारणही लागलं नाही.

मोठ्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी निधीचं पोट कापून मुलगी काढली, तेराशे ग्रॅमची. निधी वाचली. झटका एकही आला नाही. मुलगी काचेच्या पेटीतून आता आईच्या छातीवर येऊ लागली होती, आणि जानकीबाई रोज डबा घेऊन जायच्या, काचेतून ती पेराएवढी बोटं बघायच्या आणि सुखाने त्यांना रडू यायचं. पण परत येताना पायऱ्यांवर कुठेतरी माधुरी दिसायची, पिशवी खांद्यावर, आणि तो आनंद तिथेच अडायचा. माधुरीला लेखी खुलासा मागितला होता, निधीनेच सांगितलं. दर जोखमीच्या केसमध्ये काय राहिलं ते लिहून काढायचं आणि महिन्याच्या बैठकीत वाचायचं, असा नियम होता, पण वीस वर्षं चोख काम केलेल्या बाईचं नाव चुकीच्या रकान्यात पहिल्यांदाच जात होतं. जानकीबाईंनी तिला वाटेत अडवलं, म्हणाल्या, खरं का नाही सांगत तू? माधुरी म्हणाली, तुमचं नाव घेतलं तर उद्या एकही सासू मला दार उघडणार नाही, काकी. आणि मी चुकलेच की, नवी जोडवी मला त्या दिवशीच दिसायला हवी होती. ती हे इतक्या सहज बोलली की जानकीबाईंना वाटलं, हिच्या पायाशी बसावं. अशी माणसं असतात, आपल्याच पायऱ्यांवर, आणि आपण त्यांना पंखा वळवून दिला की फिटलं समजतो.

मंगळवारी मंडळाच्या खोलीत सासवांची सभा होती. सुनांना सांगून झालं, आता सासवांना, अशी माधुरीची नवी टूम. तीस-पस्तीस जणी आल्या होत्या, निम्म्या चहाबिस्किटांसाठी. शीतलमॅडम खुर्चीत बसल्या होत्या. माधुरी हातात एक जुनं जोडवं घेऊन सांगत होती, की यापुढे ती जोडवं फिरवण्याआधी विचारणार आहे, हे कधी घातलं, आणि नवं असेल तर ते प्रमाण धरणारच नाही. कुणामुळे ही अक्कल आली ते तिने सांगितलं नाही. जानकीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. फरशी गार होती. त्यांचे पाय समोर पसरलेले होते, उघड्या बोटांचे. आपण उठतोय असं त्यांनी ठरवलं नव्हतं. गुडघ्यावर हात देऊन त्या उभ्या राहिल्या तेव्हा पुढच्या बायांना वाटलं, घरी निघाल्या.

"चूक माधुरीची नव्हती," त्या शीतलमॅडमकडे बघून म्हणाल्या. "सुनेची जोडवी अडली ती मी कापून आणली नि सैल घातली. हिला कळू दिलं नाही. विचारलं तर फॅशन म्हटलं. लिहायचं तर माझं नाव लिहा." मग त्यांना वाटलं की झालं, आता बसावं. पण तोंड बंद होईना. "आणि माझी लेक तापानं नाय गेली. चेतना. तुमच्यातल्या जुन्या आसत त्यांका ठावक आसा ती. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले नि मी सरबत दिलं. तिका झटके आले नि मी नारळ धरून बसले. अर्धो तास. तिचो दाब किती होतो, अजून माका ठावक नाय."

माधुरीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ती त्या पुसत नव्हती. शीतलमॅडमनी पेन उघडलं आणि तसंच हातात धरलं. तिसऱ्या रांगेतली एक सासू, वरच्या गल्लीतली, जिचं नाव जानकीबाईंना ठाऊक नव्हतं, हातातलं बिस्कीट न खाता उठली. जानकीबाईंना वाटलं, तिला हे आवडलं नाही, उठून चालली. दारात चपलांचा ढीग पडला होता. ती आपली शोधायला थांबली नाही, तशीच अनवाणी वरच्या गल्लीकडे पायऱ्या चढत सुटली, आणि सुनेला हाका मारत गेलेला तिचा आवाज खालपर्यंत येत राहिला.